बेबीबाई आणि कॅसेटमधली विहीण

बेबीबाई गेली त्याला आता वर्ष होत आलं. मेलेल्या माणसाबद्दल फक्त गोड लिहायचं असेल तर तिच्याबद्दल चार ओळींत संपेल. म्हणून जसं होतं तसं लिहिते.

लिहायचं कारण तिचं गाणं. आमच्याकडे लग्नाच्या मांडवात ते अजून वाजतं. विहिणीला चिडवायचं गाणं आहे. परवा नातसुनेच्या मोबाइलवर कोणी एक बाई त्या गाण्याची गोष्ट सांगत होती. म्हणे गाण्यातली कौतिकाबाई ही जुन्या काळच्या मालगुजाराची बायको होती आणि तिच्या हावरेपणाला कंटाळून गावातल्या बायकांनी ते रचलं. मी नातसुनेला म्हटलं, "बंद कर ते. कौतिकाबाई आपल्या रेखाची सासू होती आणि ती अर्धी भाकर खायची."

रेखा म्हणजे बेबीबाईची मुलगी. आणि बेबीबाई म्हणजे आमच्या नंदनवन वस्तीत गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती ना, तिची मालकीण. मालक नवरा होता, पण तो सकाळी पट्टा चढवायचा आणि संध्याकाळी उतरवायचा. मधल्या वेळात तो होता की नाही हे कोणाच्या लक्षात यायचं नाही. बेबी हे तिचं खरं नाव. भावंडांत शेवटची म्हणून घरात बेबी म्हणायचे, शाळेत घालताना तेच लिहिलं. सत्तरी झाली, पापण्यांवर कायमचं पीठ बसलं, तरी ती बेबीच राहिली.

जन्म गिरणीत गेल्यामुळे तिला हळू बोलता येत नव्हतं. माझ्या सुनेला दिवस गेले तेव्हा मी तिला सांगितलं, एवढ्यात कोणाला बोलू नको. ती म्हणाली, "मी काहून सांगू वं कोनाले?" हे ती एवढ्या जोरात म्हणाली, की समोरच्या किराणावाल्याने दुकानातून विचारलं, "काय नाही सांगायचं, बेबीबाई?" तिने त्याला सांगितलं. वर मलाच म्हणाली, "त्यानं इचारलं. मी सोताहून नाही सांगितलं."

गिऱ्हाइकाशी गोड बोलणं हा प्रकार तिच्याकडे नव्हता. डबा उघडून गहू मुठीत घ्यायची आणि तोंडावर सांगायची, "हे तुह्या नवऱ्यानं आणले ना? वाटलंच." बायका चिडायच्या, पण दुसऱ्या दिवशी डबा घेऊन तिच्याकडेच. दळण बारीक यायचं आणि गल्लीतली सगळी बातमी सोबत मिळायची.

तिला लग्नाला बोलावायचे ते गाण्यासाठी. आवाज गोड नव्हता. जाड होता, मांडवाच्या शेवटच्या बांबूपर्यंत जायचा. बाकीच्या बायका सुरात गायच्या आणि काय गातात ते कळायचं नाही. बेबीबाईचा शब्द न् शब्द कळायचा, आणि ज्याला लागायचा त्याला लागायचाच. ती म्हणायची, "सूर इकडंतिकडं झाला तं कोनी मरत नाही. शब्द गेला तं गानं मेलं."

आमच्याकडे रीत अशी, की वरमाय पंगतीला बसली की मुलीकडच्या बायका तिचं नाव घेऊन तिला चिडवतात. मग वरमायकडच्या बायका उलट उत्तर देतात. गाणं तेच असतं, नावाची जागा रिकामी. ज्या लग्नात जी विहीण, तिचं नाव घालायचं. रेखाचं लग्न झालं ते उमरेडकडच्या एका शेतकरी घरात. तेव्हा बेबीबाईने आपल्या विहिणीचं, म्हणजे कौतिकाबाईचं नाव घातलं:

आली आली विहीनबाई, बसली पाटावर,
कौतिकाबाईचा डोया बाई वड्याच्या ताटावर!

डोळा म्हणे वड्यांवर, आणि कौतिकाबाई तर काटकुळी बाई. तिने ताटातला एक वडा कसाबसा संपवला होता. तिनेही तिथल्या तिथे गिरणीवरून बेबीबाईला गाण्यातच झोडलं, दोघींकडचे लोक हसले, मांडव उतरला, विषय संपला. संपायला हवा होता.

पुढच्या वर्षी लकडगंजमधला एक कॅसेटवाला लग्नाच्या गाण्यांची कॅसेट काढत होता. गाणारी शिकलेली बाई होती, पेटी-तबला होता, सगळं व्यवस्थित. पण कॅसेटच्या एका बाजूला थोडी जागा उरली. ती भरायला कोणीतरी बेबीबाईचं नाव सुचवलं. कोरसला म्हणून तिने मला आणि शेजारच्या पुष्पाला ओढत नेलं. मी म्हटलं, मला गाता येत नाही. ती म्हणाली, "गाऊ नको. तोंड हालव. मी हाय ना."

रेकॉर्डिंगची खोली माडीवर होती आणि खाली लाकूड कापायचं आरा मशीन. मशीन सुरू असेपर्यंत काही रेकॉर्ड करता यायचं नाही. खालचे मजूर दुपारी जेवायला बसले की तेवढ्यात गायचं. कॅसेटवाल्याने आधी बेबीबाईला माइकपुढे उभं केलं. तिने तोंड उघडल्याबरोबर त्याने कानांवरचा हेडफोन काढून फेकला. मग तिला मागे सरकवलं, आणखी मागे सरकवलं, शेवटी दाराबाहेर जिन्यावर उभं केलं आणि तोंड भिंतीकडे करायला लावलं. आम्ही दोघी आत, ती बाहेर. असं ते प्रसिद्ध गाणं रेकॉर्ड झालं.

अडलं ते नावापाशी. बेबीबाईने तिथे "अमकीबाई" म्हटलं. कॅसेटवाला म्हणाला, "अमकीबाई नको, मजा येत नाही. खरं नाव टाका." तिने लीलाबाई टाकलं. तबलेवाल्याने हात उचलला. "लीलाबाई माझी आई आहे." मग सुमनबाई टाकलं. कॅसेटवाला माइकची वायर तपासायला लागला. पेटीवाला हळूच म्हणाला, "त्यांच्या घरी सुमनबाई आहेत." मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझं नाव घेतलंस तर इथून खाली ढकलेन." तेवढ्यात खालून मजुरांच्या डब्यांचा आवाज आला. जेवण संपत आलं होतं. कॅसेटवाला ओरडला, "काहीही म्हणा, पण म्हणा!" बेबीबाईने भिंतीकडे तोंड केलं आणि तोंडात बसलेलं नाव बाहेर पडलं. कौतिकाबाई. गाणं संपलं आणि खाली मशीन सुरू झालं. पुन्हा गायला वेळच नव्हता.

उतरताना मी म्हटलं, "नाव गेलं ना वं तिचं."

"गेलं तं गेलं. कोन आयकते बाजूच्या शेवटाले?"

सगळ्यांनी ऐकलं. शिकलेल्या बाईची गाणी कोणाला आठवत नाहीत. हे एक गाणं मांडवात, पानठेल्यावर, ट्रॅक्टरवर, बारशाला, कुठेही वाजायला लागलं. गल्लीत बेबीबाईचा भाव वाढला. गिरणीत ती स्वतःचीच कॅसेट लावायची आणि वरून ओरडून गायची, म्हणजे एकाच वेळी दोन बेबीबाई.

तिकडे कौतिकाबाईचं जगणं कठीण झालं. ज्या लग्नाला जाईल तिथे वाढणारा तिच्या पानात वड्यांचा ढीग लावायचा आणि लोक बघत उभे राहायचे. तिच्या छातीत जळजळ व्हायला लागली म्हणून रेखाच्या नवऱ्याने तिला धंतोलीत एका डॉक्टरकडे आणलं. हे त्यानेच आम्हाला सांगितलं. नर्सने बाहेर येऊन नाव पुकारलं, आणि बसलेले सगळे पेशंट वळले. हाताला प्लास्टर घातलेला एक माणूस म्हणाला, "वड्याच्या ताटावर?" आत डॉक्टरने तपासायच्या आधीच सांगितलं, "आजी, आधी तळलेलं बंद करा."

त्याच दिवशी कौतिकाबाईने मुलाकडून, म्हणजे बेबीबाईच्या जावयाकडून, निरोप पाठवला. ते गाणं वाजतंय तोपर्यंत रेखा माहेरी येणार नाही. आणि रेखाला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, खोली सारवून तयार होती, डिंकाचे लाडू बांधायला बेबीबाईने मला सांगून ठेवलं होतं. जावई निघून गेल्यावर ती गिरणीत जाऊन बसली. पट्टा फिरत होता आणि जात्यात दाणा नव्हता. मी बटण बंद केलं.

"एवढ्याशा गान्यासाठी माही पोरगी अडवते," ती म्हणाली.

"तुझ्या नावाने असतं तर?"

ती उठली आणि पायात चपला सरकवल्या.

आधी ती कॅसेटवाल्याकडे गेली. गाणं परत घे म्हणाली. तो म्हणाला, "बाई, कॅसेट गोंदियापासून बुलढाण्यापर्यंत गेल्या. कुठून परत घेऊ? वाटलं तर दुसरा भाग काढू. 'कौतिकाबाई पुन्हा आली.'" बेबीबाई म्हणाली, "तिले पुन्हा आनशीन तं माही पोरगी कायमची जाईन, गधड्या."

मग तिने ठरवलं, की निदान आपण जिथे गाऊ तिथे बरोबर नाव घालायचं, म्हणजे लोक हळूहळू कौतिकाबाईला विसरतील. आमच्या गल्लीत लग्न होतं, वरमाय निर्मलाबाई. बेबीबाईने निर्मलाबाईचं नाव घातलं. मागून पोरं ओरडली, "चुकली, चुकली! कौतिकाबाई आहे तिथं!" ज्या बाईचं गाणं तिलाच चुकली म्हणतात. त्यात निर्मलाबाई पानावरून उठली. "काहून वं, माह्यासाठी उष्टं गानं आनलं का? दुसरीचं नाव पुसून माह्यं लावून राहिली? माह्यासाठी नवीन नाही करता आलं?" तिचा रुसवा काढता काढता पंगत थंड झाली.

शेवटी माफी मागायला जायचं ठरलं. साडी, नारळ घेऊन आम्ही दोघी उमरेडच्या बसमध्ये बसलो. मला नेलं कारण तिला मध्येच गप्प करायची सवय फक्त मला होती. बस सुटली आणि ड्रायव्हरने तेच गाणं लावलं. बेबीबाई उठून पुढे गेली. "बंद कर ते, बापू."

"काहून मावशी? गानं तं मस्त हाय."

ती थबकली. "मस्त हाय का?"

"एक नंबर."

"बाईचा आवाज कसा वाटते?"

मी मागून ओरडले, "बेबी!" तेव्हा ती म्हणाली, "तरी बंद कर," आणि परत येऊन बसली. पण तोंडावरचं हसू गाव येईपर्यंत गेलं नाही.

कौतिकाबाई अंगणात तूर पाखडत होती. रेखा पोट पुढे घेऊन दारात उभी. आईला पाहून तिचा चेहरा खुलला आणि सासूला पाहून मिटला. बेबीबाईने साडी-नारळ पुढे केला. "चुकलं बावा माह्यं. घाईत नाव गेलं. माफ कर अन् पोरीले पाठव."

कौतिकाबाईने सूप खाली ठेवलं नाही. "माफी घेऊन काय करू? लग्नात तू बोलली तं मी रागावली का?"

"नाही रागावली."

"काहून नाही रागावली?"

"तू बी बोलली मले."

"हां! तू बोलली, मी बोलली, झालं. आता तू डब्यात बसून बोलून राहिली. मी डब्यासमोर उभी राहून चार सुनावते, तं डबा आयकते का? तो आपलंच पुढं दामटते. साऱ्या दुनियेले तुहं बोलनं माईत हाय, माह्यं उत्तर कोनाले माईत हाय?"

हे मला पटलं. मी तसं म्हणालेही. बेबीबाईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फितूर आहे.

"मंग काय कराचं म्हंते?" तिने विचारलं.

"मले उत्तर द्याचं हाय. तुह्या गल्लीत, तुह्या लोकाईसमोर. डबा वाजन, मी बोलन. अन् तू सामोर उभी राहाशीन. तोंडातून एक शब्द नाही काढाचा. काढला तं पोरगी इथंच बाळंत होईन."

बेबीबाईने बाकी काहीही कबूल केलं असतं. गप्प उभं राहायचं म्हटल्यावर तिला घाम फुटला. पण रेखा दारात उभी होती. ती म्हणाली, "बरं."

गल्लीतलं पुढचं लग्न पुष्पाच्या भाचीचं होतं. पंगती उठल्यावर मांडवाच्या मधोमध टेप ठेवला. बटण माझ्या हातात. एका बाजूला कौतिकाबाई, पदर खोचून. समोर बेबीबाई, तोंडावर पदर दाबून. रेखा सासूच्या मागे खुर्चीवर. गल्ली तर होतीच, पलीकडच्या गल्लीतले लोकही आले होते. मी बटण दाबलं. टेपमधली बेबीबाई म्हणाली, कौतिकाबाईचा डोया बाई वड्याच्या ताटावर. मी टेप थांबवला. कौतिकाबाईने घसा खाकरला. तिला सूर नावालाही नव्हता, पण आवाज फाटका आणि धारदार:

वडे पाह्यले, वडे खाल्ले, वड्यात नाही मीठ,
गिरनीवाल्या बेबीबाईच्या घरात नाही पीठ!

मांडव कोसळला म्हणा. किराणावाला खुर्चीवरून पडला. बेबीबाईचे डोळे पदराच्या वर गरगरत होते. तोंडात उत्तर तयार होतं, मला दिसत होतं. तिने माझं मनगट धरलं आणि एवढं दाबलं की दोन बांगड्या पिचल्या. मी दुसऱ्या हाताने बटण दाबलं. टेप म्हणाला:

पंगत उठली, पाट उठले, ही नाही उठत,
कौतिकाबाईच्या पदरामंधी वडे नाही सुटत!

लोक आधीच हसायला लागले. कौतिकाबाईने वेळ घेतला. मागे वळून रेखाकडे पाहिलं आणि मग बेबीबाईकडे:

पदरात माह्या वडे नव्हते, होती तुही पोर,
सांभायून राहिली मी तिले, अन् मीच का वं चोर?

या वेळी कोणी हसलं नाही. पुष्पा नाक पुसायला लागली. मला असलं रडणं आवडत नाही. बेबीबाईने पदर तोंडावरून काढला. मला वाटलं, आता ही बोलते आणि सगळं बुडवते. ती बोलली नाही. पुढे जाऊन कौतिकाबाईच्या पायाला हात लावायला वाकली. विहिणीने तिला अर्ध्यातच धरून उभं केलं.

"आता बोल. बोलशीन नाही तं फुटून जाशीन."

"दुसरं उत्तर चांगलं होतं," बेबीबाई म्हणाली. "मीठ-पीठ कोनीबी जमवते."

"तुहं तं सारंच कोनीबी जमवते." मग मागे न बघता, "रेखा, बॅग उघड वं. आता इथंच राहाचं."

रेखाला मुलगा झाला. लाडू मीच वळले. आणि त्या दिवसापासून या दोघींना लोक जोडीने बोलवायला लागले. टेप वाजवायचा, थांबवायचा, कौतिकाबाईने उत्तर द्यायचं. दर लग्नात ती नवीन उत्तर आणायची. बेबीबाईला आधी काही सांगायची नाही. बेबीबाई रेखाला फोन करून विचारायची, "सासू काय जुळवून राहिली, सांग ना." रेखा सांगायची नाही. सासूच्या बाजूने गेली होती ती. दोघी म्हाताऱ्या झाल्या तरी जायच्या. जाताना आधी कोणी रिक्षात चढायचं यावरून भांडायच्या आणि येताना एकमेकींच्या औषधाच्या गोळ्या विचारायच्या.

कौतिकाबाई आधी गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही. बेबीबाई तेराव्याला जाऊन आली आणि त्यानंतर लग्नाची आमंत्रणं घेईना. गिरणी मुलाने विकली होती. दुपारी ती माझ्याकडे येऊन बसायची. मी म्हटलं, गायला जात जा, बरं वाटेल. ती म्हणाली, "मी एकटीच बोलू काय? मंग त्या डब्यात अन् माह्यात फरक काय?"

मागच्या उन्हाळ्यात रेखाच्या मुलाचं लग्न झालं. हळदीच्या दुपारी हॉलमध्ये डीजे होता. त्याने बाकीची सगळी गाणी संपवून ते गाणं लावलं, खाली धडधड जोडून. कौतिकाबाईचा डोया बाई वड्याच्या ताटावर. पोरंपोरी नाचायला लागल्या. रेखा नवरदेवाला हळद लावत होती, तिचा हात थांबला. बेबीबाई माझ्याजवळ खुर्चीत होती. ती काठी न घेता उठली, डीजेपर्यंत गेली आणि टेबलावर हात आपटून म्हणाली, "थांबव!"

त्याने घाबरून थांबवलं. नाचणारे थांबले. तिने पदर खोचला, घसा खाकरला. आणि स्वतःच्या आवाजात नाही, त्या दुसऱ्या फाटक्या, धारदार आवाजात, सूर मुद्दाम सोडून म्हणाली:

मेली म्हनून सोडत नाही, आयक वं बेबीबाई,
तुह्यासारखी बेसूर विहीन साऱ्या जगात नाही!

पोरांना वाटलं आजी गंमत करते आहे. त्यांनी टाळ्या पिटल्या. रेखाने मात्र हळदीचा हात तसाच तोंडावर धरला.

बेबीबाईने मला लांबून ओरडून विचारलं, "काय वं, अशीच बोलली असती ना ते?"

मी खोटं कशाला बोलू? म्हटलं, "नाही. याच्यापेक्षा वाईट बोलली असती."

तिने थोडा विचार केला. मान हलवली. मग डीजेवाल्याकडे वळली आणि म्हणाली, "लाव पुन्हा."